डीजे अक्का आणि गाण्यांमधली फट

चेन्नईत भाड्याची खोली शोधत फिरत होते तेव्हा घरमालकांनी मला नाना प्रश्न विचारले. मासे खाता का, रात्रपाळी असते का, लग्न ठरलंय का, नसेल तर का नाही. वेस्ट मांबलमच्या एका गल्लीत मात्र, साठी केव्हाच ओलांडलेल्या एका बाईंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नजर पायांवर आणून थांबवली आणि विचारलं, "नाचतां येतं की?"

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तरी म्हणाले, "गणपतीत नाचते. मिरवणुकीत."

"तेवढं पुरे. बस."

त्यांनी मला पंख्याखालच्या वेताच्या खुर्चीत बसवलं, आत जाऊन एक गाणं लावलं आणि समोरच्या स्टुलावर बसून माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मी नोकरी कुठे, गाव कुठलं हे सांगायला लागले, तर हातानंच गप्प केलं. गाणं तमिळ होतं. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण दुसऱ्या कडव्याला माझा पायाचा अंगठा फरशीवर आपोआप ठेका धरायला लागला.

"सेरी, ठीक आहे," त्या उठल्या. "खोली तुझी. जिभेला खोटं बोलतां येतं, पायांना नाहीं. शेजारीण प्रत्येक गाण्याला 'सुपर' म्हणते. ह्यांना ऐकूं येत नाहीं. मला घरांत एक खरा पाय पाहिजे होता."

अशी मी अक्कांची भाडेकरू झाले. गल्लीत त्यांना लहानथोर सगळे अक्काच म्हणत, आणि गल्लीबाहेर, लग्नाच्या मंडपांत, डीजे अक्का.

अक्का तंजावरकडच्या मराठी घरातल्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं, महाराष्ट्र त्यांनी रेल्वेच्या खिडकीतून एकदाच पाहिलेला. त्यांची मराठी मला सुरुवातीला अर्धीच कळे. 'सगळं'ला त्या 'अस्कं' म्हणत. 'नक्को' म्हणताना असा जोर देत की पुन्हा विचारायची हिंमत होऊ नये. वाक्याच्या शेवटी सूर तमिळसारखा वर जाई, त्यामुळे "कॉफी झाली" हेसुद्धा मला कोणीतरी जाब विचारतंय असं वाटे. माझ्या मराठीबद्दलही त्यांचं मत काही फार चांगलं नव्हतं. "तूं बातम्या वाचल्यासारखी बोलतेस," त्या म्हणत. "मध्यें मध्यें श्वास घे."

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका केंद्र सरकारी कार्यालयाच्या संगणक विभागात काढली होती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणारी ती जुनी यंत्रं. तिथे काही हवं असेल तर टाईप करून मागायचं, चुकलं तर यंत्र तसं सांगणार, मग पुन्हा नीट मागायचं. निवृत्त होईपर्यंत जग बदललं, माऊस आला, चित्रं आली. अक्का बदलल्या नाहीत. त्यांच्या लॅपटॉपला माऊस नव्हता आणि बोटानं चालवायच्या पट्टीवर त्यांनी पोस्टाचं जाड पाकीट चिकटवून टाकलं होतं. काहीही करायचं असलं की काळी खिडकी उघडायची आणि आज्ञा टाईप करायची.

मी एकदा म्हणाले, "अक्का, नुसतं क्लिक केलं तरी होतं हो."

"बोट दाखवून कोण मागतं? तान्हं बाळ," त्या म्हणाल्या. "तोंड आहे, भाषा आहे. काय पाहिजे तें बोलून माग. आणि नीट माग. 'तें तें' म्हणून बोट दाखवलं तर नवरासुद्धां चुकीचा डबा काढून देतो."

अक्का डीजे झाल्या तो प्रसंग मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकला की आता तो मीच पाहिल्यासारखा वाटतो. त्यांच्या भाचीच्या लग्नात बाहेरून एक डीजे बोलावला होता. भाची नटूनथटून मंचाकडे निघाली आणि त्या भल्या माणसानं चाल गोड म्हणून एक असं गाणं लावलं, ज्यात प्रेयसी कायमची सोडून जाते. तमिळ कळणारे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. अक्का भरल्या पानावरून उठल्या, हात धुतला, साडीचा पदर खोचला आणि मंचाच्या कडेला जाऊन त्याला म्हणाल्या, "तम्बी, तूं जेवला नाहींस ना? जा, पायसम् गरम आहे." तो जेवून परत आला तोवर अर्धा मंडप नाचत होता, आणि त्याला त्याची खुर्ची काही परत मिळाली नाही.

तेव्हापासून ओळखीपाळखीची लग्नं, मुंजी, साठीशांती, सगळीकडे अक्का. सुती साडी, कमरेला तारा-पिना ठेवायची कापडी पिशवी, केसांत भरगच्च मल्लिगै, म्हणजे मोगरा. हेडफोननं गजरा चुरगळू नये म्हणून त्या त्याची पट्टी डोक्यावरून न घेता हनुवटीखालून घेत. लांबून दाढ दुखणाऱ्या माणसासारख्या दिसत. गाण्यांचा वेग त्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या नंबरांत मोजत. एक नंबर म्हणजे पाहुणे येताहेत. दोन नंबर म्हणजे आत्याबाई खुर्चीतल्या खुर्चीत डोलताहेत. तीन नंबर म्हणजे मुलाचे मित्र. "तीन नंबर फार वेळ चालवूं नये," त्या मला बजावत. "मोटर जळते. आणि मामालोकांची कंबर."

त्यांचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे राव सार म्हणत. अतिशय शांत, उंच, पांढरीशुभ्र वेष्टी नेसणारे गृहस्थ. त्यांना फार कमी ऐकू येई. कानाला यंत्र होतं, पण स्पीकरजवळ ते शिट्टी मारायचं, म्हणून समारंभात ते काढून खिशात ठेवत आणि स्पीकरला लागूनच खुर्ची टाकून त्यावर तळहात ठेवून बसत. गाणं त्यांना हातातून कळे. मधूनच मान हलवून म्हणत, "आज खालचा आवाज जाडा आहे. थोडा पातळ कर." अक्का मुकाट्यानं पातळ करत. दुसऱ्या कोणाचं त्यांनी कधी ऐकलेलं मला आठवत नाही.

अक्कांचं एक तत्त्व मात्र सगळ्याच्या वर होतं. दोन गाण्यांमध्ये फट ठेवायची नाही. एक गाणं उतरायच्या आधी दुसरं त्याच्या खांद्यावर चढलं पाहिजे. मला वाटलं, ही कला आहे. अक्कांनी समजूत काढली.

"कला कसली! लग्नांत अस्के नातेवाईक एका ठिकाणीं येतात. गाणं थांबलं कीं बोलतात. बोलले कीं जुनं निघतं. जुनं निघालं कीं भांडतात. माझं काम काय? त्यांना बोलूं न देणं."

ह्या कामासाठी त्यांनी वर्षानुवर्षं याद्या रचल्या होत्या. गाणी काय, ती कोणाकडेही असतात, त्या म्हणत, क्रम माझा. प्रत्येक यादीला नाव. 'आत्याचा गुडघा' ह्या यादीत वेगानं उठावं लागेल असं एकही गाणं नव्हतं. 'जावई नाचणार नाहीं' ही यादी अशी चढत जायची की शेवटी जावई नाचेच. 'दोन व्याही' मध्ये एक तमिळ, एक मराठी, एक तमिळ, एक मराठी, कोणाला वाटू नये की आपलं कमी झालं. हे सगळं त्यांच्या डीजेच्या प्रोग्राममध्ये साठवलेलं होतं.

आणि एके दिवशी त्या प्रोग्रामनं पडद्यावर एक निरोप आणला. कंपनी दुसऱ्या कोणीतरी विकत घेतली होती. पुढच्या महिन्यापासून प्रोग्राम उघडताना दर वेळी इंटरनेटवरून खातं तपासलं जाईल, तरच याद्या दिसतील.

अक्कांनी तो निरोप मला वाचायला लावला. मग चष्मा काढला. "म्हणजे माझ्या स्वयंपाकघरांत शिरायला मी परदेशांतल्या कोणाला तरी विचारूं? 'साहेब, आज रसम् करूं कां?' नक्को. याद्या बाहेर काढायच्या. अस्क्या."

मी वेलचेरीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते, त्यामुळे रविवारी सकाळी हॉलमध्ये आमचं बाहेरकाढणं सुरू झालं. प्रोग्रामची मूळ फाईल उघडून बघितली तर गाण्याच्या नावाभोवती इतकं सामान भरलेलं की गाणं सापडेना. "हारांखालीं नवरा हरवावा तसं," अक्का म्हणाल्या. आम्हाला हवी होती ती एम-थ्री-यू नावाची साधी, सगळ्या जगाला कळणारी यादी. एका ओळीत एका गाण्याचा पत्ता, खाली दुसऱ्याचा, संपलं. कुठल्याही गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामला ती वाचता येते. आणि असं रूपांतर करून देणारं एक छोटंसं फुकट साधन आम्हाला सापडलं. त्याला खिडकी नव्हती, चित्रं नव्हती, काही नव्हतं. नुसती आज्ञा द्यायची.

"शहाणा माणूस," ते बनवणाऱ्या अनोळखी माणसाला अक्कांनी दाद दिली.

अक्का आज्ञा मोठ्यानं म्हणत टाईप करत, पूजेला बसल्यासारख्या. "कन्व्हर्ट. रिकामी जागा. कुठून, तें. रिकामी जागा. डॅश डॅश. कुठं, तें." आणि शेवटी करंगळीनं एंटर. यंत्रानं सांगितलं, अशी फाईल सापडत नाही. कारण त्यांच्या फोल्डरचं नाव होतं 'लग्न गाणी', मध्ये मोकळी जागा, आणि यंत्राला वाटलं ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

"नाव अवतरणचिन्हांत घालायला हवं," मी म्हणाले.

"म्हणजे गांठ मारायला पाहिजे," अक्का म्हणाल्या, आणि दोन्ही बाजूंनी गाठ मारली.

आता यादी आली, पण त्यात तमिळ आणि मराठी गाण्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग. अक्का भडकल्या. "ह्याला आमचीं नांवं लिहितां येत नाहींत! नवीन बदली होऊन आलेल्या साहेबासारखं." कुठल्या लिपीत लिहायचं ते त्या साधनाला वेगळं सांगावं लागत होतं. तेही सांगितलं. नावं उमटली. तरी गाणी वाजेनात. गाणी होती बाहेरून जोडायच्या एका जुन्या हार्ड डिस्कवर, आणि यादीत प्रत्येक गाण्याचा पत्ता पार लॅपटॉपच्या मुळापासून लिहिलेला. डिस्क दुसऱ्या छिद्रात लावली की पत्ता चुके.

ह्या वेळी मी काही सांगायच्या आधीच अक्कांना कळलं. "कोपऱ्यावरच्या दुकानाला जायला कोणी 'भारत, तमिळनाडू, चेन्नई' असं सांगतं कां? 'घरांतून निघ, डावीकडं वळ' म्हणायचं." यादी डिस्कवरच ठेवली आणि पत्ते तिथूनच मोजायला सांगितले. करंगळी. एंटर. याद्या धडाधड बाहेर पडल्या. 'आत्याचा गुडघा', 'जावई नाचणार नाहीं', 'दोन व्याही'. आम्ही एकेक गाणं सुरू होतंय ना एवढं बघितलं, पुढे गेलो, पुन्हा पुढे. सगळी सुरू होत होती. अक्कांनी त्या आनंदात केसरी, म्हणजे त्यांच्याकडचा शिरा, केला आणि राव सारांनी स्पीकरवर हात ठेवून "पास" असा निकाल दिला.

त्याच सुमारास राव सारांच्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात होता आणि तिथल्याच एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. लग्न तिथेच, औद्योगिक वसाहतीजवळच्या मंडपात. मुहूर्त सकाळी आणि गाणी दुपारी, म्हणजे सकाळची पाळी सुटलेल्यांना येता येईल आणि दुसऱ्या पाळीवाल्यांना नाचून कामाला जाता येईल. अक्का अर्थातच डीजे. पण नणंदबाईंची काळजी वेगळीच होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"वैनी, दोघेही मामा येणार. एका सोफ्यावर बसवायला लागणार, फोटोला. तुम्हांला ठाऊक आहे कीं."

ठाऊक मला नव्हतं. अक्कांनी नंतर सांगितलं. राव सारांना एक धाकटा भाऊ होता. वेलचेरीत, माझ्या ऑफिसपासून जवळच राहायचा. दोघं बरीच वर्षं बोलत नव्हते. राव सारांनी धाकट्याच्या गृहप्रवेशाला जायचं टाळलं, तिथून सुरू झालं. का टाळलं, तर त्यानं नीट बोलावलं नाही म्हणून. एवढंच अक्कांनाही माहीत होतं. राव सार त्यापुढे एक अक्षर बोलत नसत.

"वैनी, मला आहेर नको, कांहीं नको," नणंदबाईंचा आवाज रडवेला झाला. "फक्त त्या दिवशीं फट ठेवूं नका. माझ्या मुलाच्या लग्नांत ते दोघे बोलले आणि कांहीं झालं, तर मी तोंड कुठं दाखवूं?"

"मी आहे," अक्का म्हणाल्या. "एक श्वास घ्यायला मिळणार नाहीं त्यांना."

त्यासाठी त्यांनी नवी यादी रचली. नाव दिलं 'दोन मामा'. जुन्या प्रोग्राममध्ये बसून प्रत्येक गाण्याचा सांधा इतका बेमालूम जुळवला की मलाही गाणं बदललेलं कळेना. मग आमच्या आज्ञेनं तिचंही साध्या यादीत रूपांतर करून ती डिस्कवर ठेवली, असावी म्हणून.

लग्नाच्या दिवशी आम्ही तिघं मांबलमहून निघालो, पार्क स्टेशनला उतरून रस्ता ओलांडला आणि सेंट्रलहून गुम्मिडिपूंडीची गाडी धरली. अक्कांच्या मांडीवर लॅपटॉप, माझ्या मांडीवर डिस्क, राव सारांच्या मांडीवर केळीच्या चिप्स. मंडप मोठा होता, पत्र्याचा, आणि आत मोबाईलला रेंज म्हणून नव्हती. जेवणं उरकली. मुलाचे मित्र निळ्या गणवेशातच मंचासमोर जमले. अक्कांनी हनुवटीखालून हेडफोन चढवला, प्रोग्राम उघडला, आणि प्रोग्राम म्हणाला, खातं तपासायला इंटरनेट नाही.

अक्का घाबरल्या नाहीत. उलट माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "बघ आतां. आपली साधी यादी." काळी खिडकी उघडली, आज्ञा दिली, 'दोन मामा' सुरू झाली. पहिलं गाणं दोन नंबरचं. आत्याबाई डोलायला लागल्या. सोफ्याच्या एका टोकाला, शेजारच्या स्पीकरवर हात ठेवून, राव सार, दुसऱ्या टोकाला त्यांच्यासारखेच उंच, त्यांच्यासारखीच वेष्टी नेसलेले धाकटे राव सार. दोघंही समोर बघत होते. मधल्या जागेत आहेराची पाकिटं ठेवायची थाळी.

पहिलं गाणं संपलं. शेवटची वीणा हळूहळू विरत गेली. आणि मग काहीच नाही. जुनी डिस्क किरकिर करत जागी झाली, पुढचं गाणं शोधलं, आणि बऱ्याच वेळानं ते सुरू झालं. तोवर निळे गणवेश हात वर करून तसेच उभे. अक्कांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"मध्यें काय झालं?"

"अक्का," मला तेव्हाच उमगलं, "यादीत फक्त क्रम असतो. सांधे जुन्या प्रोग्राममध्येच राहिले."

"म्हणजे कापड आलं आणि शिवण राहिली?"

"हो."

अक्का काळ्या खिडकीत वेगानं काहीबाही टाईप करायला लागल्या. गाणी वाजवणाऱ्या ह्या साध्या प्रोग्रामला सांधा कसा मारायचा ते कुठे लिहिलंय का, शोधत होत्या. तेवढ्यात दुसरं गाणं संपलं. दुसरी फट. त्यात एका मुलानं आईला विचारलेलं "अजून आईस्क्रीम आहे का?" हे सगळ्या मंडपानं ऐकलं. नणंदबाई मंचाच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी अक्कांना हात जोडले. तिसऱ्या फटीत राव सारांना वाटलं, कार्यक्रम आटोपला. त्यांनी खिशातून यंत्र काढलं आणि कानाला लावलं.

चौथं गाणं तीन नंबरचं होतं. पत्रे थरथरत होते. राव सारांच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं असावं, कारण तोंड वाकडं करून त्यांनी कानाला हात लावला. नेमकं तेव्हाच धाकटे राव सार थाळी बाजूला सारून सरकले आणि त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाले.

"काय?" राव सार.

धाकट्यांनी पुन्हा म्हटलं, जरा जोरात.

"काय म्हणतोस? ऐकूं येत नाहीं!"

धाकट्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि गाणं संपलं.

"गृहप्रवेशाला कां नाहीं आलांत, दादा?"

पत्र्याच्या मंडपात तो प्रश्न घुमला. स्वयंपाकी हातातला झारा घेऊन बाहेर आला. कानातल्या शिट्टीमुळे राव सारांना गाणं थांबल्याचं कळलंच नव्हतं, त्यामुळे तेही तेवढ्याच जोरानं ओरडले, "तूंच फोनवर म्हणालास ना, 'आला नाहींत तरी चालेल'!"

"मी? मी म्हटलं, 'आला नाहींत तर चालणार नाहीं'!"

दोन्ही भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. मंडपात मराठी कळणारी माणसं पुढच्या दोन रांगांतच होती. त्यांतल्या एका बाईंनी मागच्या रांगेला हे तमिळमध्ये समजावलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना, आणि भाषांतर जसजसं मागे पोचत गेलं तसतसं हसू उसळत दारापर्यंत गेलं. पहिली रांग मात्र हसत नव्हती. तिथे नणंदबाई डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या.

डिस्क किरकिरली. आता पाचवं गाणं येणार, तेही तीन नंबरचं, आणि सगळं बुडून जाणार. मी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी तळहाताचा एक फटका स्पेसबारवर मारला आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच थांबवलं. हेडफोन हनुवटीवरून काढून टेबलावर ठेवला. मंचाच्या पायऱ्या उतरून त्या सोफ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आणि पुराचं कोण सांगणार?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. राव सारांनी मान खाली घातली. "नाहीं सांगत? मग मी सांगतें." त्या धाकट्या दिराकडे वळल्या. " वेलचेरींत पाणी भरलं तेव्हां हे मला न सांगतां घरांतून गेले. संध्याकाळीं कमरेपर्यंत भिजून आले. तुझ्या गल्लीच्या तोंडाशीं उभे होते दिवसभर, सोबत गेलेल्या शेजाऱ्यानं मला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर तूं खिडकींत दिसलास तेव्हां परतले. मला म्हणाले, 'भाजी आणायला गेलों होतों.' पुरांत भाजी!"

धाकटे राव सार आणखी जवळ सरकले. मग म्हणाले, "वर कां नाहीं आलांत?"

"बोलावलं नव्हतंस," राव सार म्हणाले.

ह्याचं भाषांतर करायला त्या बाई विसरल्या. मागून निळ्या गणवेशांनी ओरडा केला, "अक्का, पाट्टु! पाट्टु पोडुंगा!" गाणं लावा. अक्का वळून म्हणाल्या, "थांबा रे. घरचं काम चाललंय." आणि दुसरी पाळी सुरू व्हायची वेळ जवळ आली होती तरी ती पोरं थांबली. नणंदबाईंनी फोटोवाल्याला बोलावलं. फोटोत दोघे मामा शेजारी शेजारी आहेत, थाळी कोणाच्या तरी हातात आहे, आणि अक्का अर्ध्याच आल्या आहेत, कारण त्या गाणं लावायला परत पळत होत्या.

ह्यावरून अक्कांनी काही धडा घेतला असं कोणी समजू नये. घरी आल्यावर आठवडाभर त्या काळ्या खिडकीसमोर बसल्या आणि गाणी एकमेकांत मिसळून वाजवणारा दुसरा फुकट प्रोग्राम त्यांनी शोधून काढला, अर्थातच आज्ञेवर चालणारा. त्याच महिन्यात एका मुंजीत दोन जावा समोरासमोर येऊ घातल्या तेव्हा अक्कांनी अशी गाणी चढवली की त्यांना एकमेकींचं नावसुद्धा ऐकू गेलं नसेल. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्या दोघी खऱ्याच भांडल्या असत्या. मला अंदाज आहे."

त्या दिवशी गुम्मिडिपूंडीहून परत येताना धाकटे राव सार आमच्याबरोबर निघाले. त्यांची बायको नणंदेकडेच थांबली. गाडीत दोघे भाऊ खिडकीशी समोरासमोर बसले आणि मोठ्याला ऐकू जावं म्हणून धाकटा ओरडून बोलत राहिला, त्यामुळे सेंट्रल येईपर्यंत अख्ख्या डब्याला त्या घराण्याचा इतिहास पाठ झाला. शेंगदाणेवाल्यानंही मध्ये एक प्रश्न विचारून घेतला. सेंट्रलला उतरल्यावर धाकट्यांनी वेलचेरीची गाडी धरायला हवी होती. ते आमच्याच गाडीत चढले.

घरी आल्यावर अक्का हॉलमध्येच टेकल्या. वडिलांची छत्री लहानपणी नक्की कोणी मोडली ह्यावरून वाद पेटला होता आणि त्यांना पंच नेमलं होतं. "पोरी, कॉफी तूं कर," त्या मला म्हणाल्या. मी डिकॉक्शन काढलं, दूध तापवलं, पेले मांडले. तेवढ्यात राव सार स्वयंपाकघरात आले. त्यांना इथे काय कुठे आहे ते माहीत नसावं, कारण त्यांनी तीन डबे उघडून पाहिले. चौथ्यात साखर सापडली.

"त्याला साखर जास्त लागते," ते मला हळूच म्हणाले. "लहानपणापासून. दोन चमचे घाल. अडीच."

मी वळून बाहेर विचारलं, "काका, अडीच चमचे साखर ना?"

"साखर नको, अम्मा!" धाकट्यांचा आवाज आला. "सोडली मी. डॉक्टरनं बंद केली."

त्यांचा आवाज मोठाच होता आणि यंत्र राव सारांच्या कानात होतं. ते डबा हातात धरून तसेच उभे राहिले. मग डबा न ठेवताच बाहेर गेले, भावाच्या शेजारी बसले आणि त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कधींपासून?"